पाइपाच्या तोंडातली गोणी

आचोळ्याच्या त्या विहिरीची घटना घडली, तेव्हा मी तिथल्या पोलीस ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. दोन हजार सालानंतरची गोष्ट. गच्चीवरचं पावसाचं पाणी जमिनीत किंवा विहिरीत सोडल्याशिवाय नव्या इमारतीला भोगवटा दाखला नाही, असा नियम नुकताच आला होता. एका सोसायटीने गच्चीचा पाइप आवारातल्या जुन्या विहिरीत सोडला. विहिरीचं पाणी पंपाने टाकीत चढायचं.

जूनमधल्या एका सकाळी तिथली तीन कुटुंबं उलट्यांनी आडवी झाली. चार वर्षांची एक मुलगी अत्यवस्थ होती. सोसायटीचे सेक्रेटरी वीसेक माणसं घेऊन ठाण्यात आले. "साहेब, विहिरीत विष टाकलंय. वॉचमनने बघितलंय." शेजारचा म्हातारा भातशेतकरी परवा काखेत काहीतरी घेऊन विहिरीपाशी गेला होता म्हणे. विहीर त्याच्या बापाने खणलेली. भावाने ती जमीन विकली, तेव्हापासून त्याचा सोसायटीवर राग. मी त्याला उचलून आणला.

म्हातारा मान खाली घालून बाकावर बसला. गोडीने विचारलं, दरडावून विचारलं. "मी नाय गेलो तिकडं," एवढंच उत्तर. तो खोटं बोलतोय हे धडधडीत दिसत होतं, आणि खोटं सापडलं की पोलिसाला गुन्हाच सापडल्यासारखं वाटतं. तिकडून डॉक्टरांचे फोनवर फोन. विष कोणतं ते कळल्याशिवाय नेमकं औषध देता येईना. मुलीचा बाप बाहेर भिंतीला टेकून उभा होता. त्याच्यासमोरून जायची मला भीती वाटू लागली. त्या भरात मी म्हाताऱ्यावर हातही उगारला, खोटं कशाला सांगू.

जमादारांनी सकाळीच पंचनामा केला होता, पण फक्त विहिरीचा. दुपारी राहवेना म्हणून मी स्वतः गेलो. गच्चीच्या पाइपाखाली काथ्याने आवळलेली, भिजलेली गोणी पडली होती.

"ही कुठून आली?"

"कोणीतरी पाइपाच्या तोंडात कोंबली होती," सेक्रेटरी म्हणाले. "काल मीच काढली. दाखल्यासाठी पालिकेचे इंजिनियर तपासायला येणार होते. पाणी विहिरीत पडताना दिसायला नको?"

आणि काल संध्याकाळी पाऊस झाला होता. मी तडक गच्चीवर चढलो. कोपऱ्याकोपऱ्यात पांढरा थर होता.

"मुंग्या फार झाल्या होत्या, म्हणून पावडर मारली," सेक्रेटरी हळूच म्हणाले.

पावडरीचा डबा जीपने थेट हॉस्पिटलात पाठवला. ठाण्यात परतून गोणी म्हाताऱ्यापुढे ठेवली. त्याने ती ओढून जवळ घेतली.

"छपराचं सुरवातीचं पानी आमी इहिरीत जाऊ देत नाय, सायेब. तोंडाला बोळा मारायचा, दोन-चार पावसांत घान भाइर धुऊन जाते, मंग बोळा काडायचा. बापापासून हेच करतो."

"मग बाबा, सकाळीच का नाही बोललात?"

"तुमीच बोललेलात ना, त्या कंपाउंडात पाय ठेवलास तर आत टाकीन."

बोललो होतो. एप्रिलमध्ये सोसायटीच्या तक्रारीवरून मीच त्याला बोलावून दम भरला होता, आणि साफ विसरून गेलो होतो.

संध्याकाळी मुलगी शुद्धीवर आल्याचा फोन आला. मी म्हाताऱ्याला सांगितलं. त्याने कपाळाला हात लावून देवाचं नाव घेतलं आणि चालत घरी गेला. त्यानंतर कोणी खोटं बोलताना सापडलं, की मी आधी त्याच्या नावाचे ठाण्यातले जुने कागद काढायला लावायचो. हा माणूस कुणाला घाबरून खोटं बोलतोय, ते बघायचं असायचं. दोनदा त्या कागदांवर माझीच सही निघाली.