कोरं बोट

परवा मतदान केंद्रावर बोटाला शाईचा गार थेंब लागला आणि सदुसष्ट सालची, कवठे महांकाळजवळच्या आमच्या गावातली निवडणूक आठवली. माझं ते पहिलंच मत असणार होतं. आदल्या दिवशी, दर निवडणुकीसारखंच, पाटील आमच्या बौद्धवाड्यात येऊन बजावून गेले होते, "उद्या कुणी येऊ नका. तुमची मतं आमी टाकतो."

तरी सासूबाई मला घेऊन निघाल्या. शाळेत टेबलामागे बसलेला कारकून म्हणाला, "तुम्हा दोघींची मतं पडलीत."

सासूबाईंनी हात पुढे केला. "आवं सायेब, बोट तर कोरं हाय माजं. मग मत टाकलं कुणी?"

कारकुनानं दाराशी उभ्या पाटलांकडे पाहिलं आणि रांगेतल्या आमच्या मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

दुसऱ्या दिवसापासून शाळूच्या काढणीला आम्हाला कुणी बोलावलं नाही. उन्हाळ्यात गाव सोडून आम्ही सांगलीला आलो. पुढची निवडणूक यायच्या आधीच सासूबाई गेल्या. त्यांनी मत असं कधी टाकलंच नाही.

तेव्हा मला राग आला होता तो कारकुनाचा. आता त्याचा चेहराही आठवत नाही. आठवते ती आमच्या मागची रांग. सगळे आम्हाला नावानिशी ओळखत होते, आणि एकजणही बोलला नाही.