तिसऱ्या मजल्यावरचं कुलूप

आमच्या दाजींशी भांडायला जावं तर आपलंच डोकं दुखायला लागतं. समोरचा तावातावाने बोलत असतो आणि हे खाली मान घालून कानशीने किल्लीचे दात घासत असतात. मी त्यांचा मेहुणा. त्यांच्या कुलपांच्या दुकानाला लागूनच माझं इस्त्रीचं दुकान, मध्ये फक्त एक पत्रा. इतक्या वर्षांत पत्र्यापलीकडून कानशीचा आवाज ऐकला, पण दाजींचा चढलेला आवाज एकदाही ऐकला नाही. आवाज चढायचा तो माझाच.

हाताला मात्र विलक्षण वेग. किल्ली हरवलेलं गिऱ्हाईक रडकुंडीला येऊन बोलवायला यायचं, दाजी पिशवी खांद्याला लावून निघायचे आणि त्यांचा चहा निवायच्या आत परत यायचे. ती पिशवी ते खांद्यावरून कधी उतरवत नसत. उभ्याउभ्या, न बघता आत हात घालून हवं ते अवजार काढायचे. आणि एक खोड होती. कुलपाला हात लावण्याआधी दार वाजवायचे. घरमालक शेजारी उभा असला, आत कुणी नाही हे त्यानेच सांगितलं असलं, तरी वाजवायचे आणि बंद दाराला म्हणायचे, "उघडतोय हं."

"आत काय झुरळं बसलीत उत्तर द्यायला?" मी एकदा विचारलं.

"दुसऱ्याच्या घरात शिरतोय," दाजी म्हणाले. "विचारायला काय जातं?"

असा हा माणूस. त्यात इमिग्रेशन खात्याच्या गाड्या आमच्या गल्लीत फिरायला लागल्या आणि सगळ्यांचीच झोप उडाली. बाहेरच्या देशातून आलेले, कागद न झालेले लोक शोधायचे, उचलायचे आणि विमानात बसवून परत पाठवायचे, असा हुकूम निघाला होता. माझ्या दुकानात शर्ट घ्यायला येणारा प्रत्येक जण दोन शब्द टाकून जायचा. एक म्हणायचा, कायदा तो कायदा, आम्ही रांगेत उभे राहिलो, यांनी का नाही? दुसरा म्हणायचा, रांगच बंद केली तर उभं कुठे राहायचं? तिसऱ्याला माणसांशी देणंघेणं नव्हतं, त्याला आंदोलनवाल्यांच्या शिट्ट्यांनी दुपारची झोप मोडल्याचा राग होता. मी सगळ्यांशी भांडायचो. इस्त्री गरम आणि मी तिच्याहून गरम. एका साहेबांची कॉलर जळाली तीही याच वादात.

आंदोलनवाल्यांत आघाडीवर होती आमची छकुली, दाजींची मुलगी. नाव छकुली, पण कॉलेजातली चांगली ताडमाड पोरगी. गळ्यात शिट्टी घालूनच हिंडायची. खात्याची गाडी दिसली की शिट्टी वाजवायची, तो आवाज ऐकून गल्लीभर शिट्ट्या, मग सगळ्यांनी जमून जिने अडवायचे, गाडीपुढे बसायचं. "मामा, त्यांना एकेक पाऊल महाग पडलं पाहिजे," ती मला सांगायची. "गाडी अडवायची, रस्ता अडवायचा, हातातलं साहित्य अडवायचं." मला पोरीचा अभिमान वाटायचा आणि भीतीही.

समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर टेलर मास्तर राहायचे. छकुली बाळ असल्यापासून ते गल्लीत होते. तिचा शाळेचा पहिला गणवेश त्यांनीच शिवला, आणि "पोरं लवकर वाढतात" म्हणून आत दोन बोटं जास्तीचं कापड सोडलं. मास्तर बाहेरच्या देशातून आलेले, पण बायकोचे कागद झाले होते आणि मुलगी इथेच जन्मली. मास्तरांचा राहायच्या परवान्याचा अर्ज मात्र फेटाळला गेला होता, आणि धाडी सुरू झाल्यावर दाजींनी त्यांच्या दाराला एक दणकट कुलूप बसवून दिलं होतं.

त्या दिवशी सकाळी शिट्ट्या वाजल्या आणि पाठोपाठ माझा फोन वाजला. मास्तरांची बायको. वहिनी कुजबुजत होत्या. "भाऊ, ते दाराबाहेर आलेत. आमच्या वकीलबाई कोर्टात उभ्या आहेत, स्थगिती मिळेल म्हणतात. आदेश निघाला की यांना हात लावता येणार नाही. तोवर दार टिकू दे हो."

मी धावत दाजींकडे गेलो, एका दमात सगळं सांगितलं. माझं वाक्य पुरं होतंय तोच खात्याचा एक साहेब दुकानाच्या पायरीवर. सभ्य माणूस, डोळे तारवटलेले. आधीच्या धाडीत दार फोडलं, त्याचा व्हिडिओ जगभर फिरला, म्हणून या वेळी वरून सूचना होती की कुलूपवाला बोलवा आणि शांतपणे उघडा.

दाजींनी कानशी खाली ठेवली आणि पिशवी उचलली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दाजी, जाऊ नका! मास्तर आहेत ते!"

"तू बॅटरी घे," दाजी म्हणाले. साहेबाला म्हणाले, "हा माझा मेहुणा. उजेड धरेल."

जिन्यात पोरंपोरी गच्च बसलेली. पोलिसांनी वाट केली आणि आम्ही वर चढलो. छकुलीने बापाला पाहिलं. तिचा चेहरा मी अजून विसरलो नाही. तिच्या तोंडातली शिट्टी सुटून गळ्यात लोंबली. मग बाकीचे ओरडले. "विकला गेला!" कुणीतरी माझ्या पाठीत गुद्दाही घातला. तोंड उघडायची सोय नव्हती, पुढे साहेब, मागे पोलिस.

वर गेल्यावर दाजींनी दार वाजवलं. "उघडतोय हं," म्हणाले. मग वाकून किल्लीच्या भोकाला तोंड लावल्यासारखं करून पुटपुटले, "सावकाश उघडतोय." साहेबाला वाटलं कुलूप बघतायत.

आणि मग त्यांनी खांद्यावरची पिशवी उतरवली. मी बघतच राहिलो. उतरवली ती उतरवली, आणि खाली जिन्याच्या वळणावर, खिडकीपाशी नेऊन ठेवली. "इथे अडचण होते," म्हणाले. वर आले. कुलूप न्याहाळलं. तेल पाहिजे म्हणून पायऱ्या उतरून खाली गेले, तेलाची कुपी घेऊन वर आले. तेल मुरायला हवं म्हणून थांबले. पुसायला फडकं पाहिजे म्हणून पुन्हा खाली. कुलूप उघडायचा एक आकडा आणला, तो चालेना, परत ठेवून दुसरा आणला. स्वतः बसवलेलं कुलूप, डोळे मिटून उघडलं असतं त्यांनी! तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. म्हातारा वेळ काढत होता. गेला नसता तर त्यांनी सरळ दार फोडलं असतं, म्हणून गेला होता.

मी वळून त्यांच्या तोंडाकडे बघायला लागलो आणि बॅटरीचा उजेड कुलपावरून सरकला. "नीट धर," दाजी माझ्यावर खेकसले. आयुष्यात पहिल्यांदा.

साहेब घड्याळ बघायचा, कपाळ पुसायचा. "किती वेळ?"

"दणकट काम आहे, साहेब. घाई केली तर आतच मोडेल. मग फोडल्याशिवाय गत्यंतर नाही."

फोडायचं नाव काढलं की साहेब गप्प. मी खाली बघत होतो, छकुलीची नजर पकडायला. डोळे मिचकावले, मान हलवली. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून घरात सगळे मला हसतात, आणि नेमकं ज्या दिवशी बोलायला हवं होतं त्या दिवशी तोंड शिवलेलं. तिला वाटलं मामा पण त्यांच्यातलाच.

दाजी आणखी एकदा पायऱ्या उतरायला वळले आणि त्याच क्षणी छकुलीने पोलिसाच्या हाताखालून मुसंडी मारली. वळणावरची पिशवी उचलली आणि खिडकीतून बाहेर फेकली. इमारतीच्या मागे नाला आहे. खालून आवाज आला. जिनाभर टाळ्या, शिट्ट्या, जल्लोष.

दाजी पायरीवर तसेच उभे राहिले. हात रिकामे.

"झालं," साहेब म्हणाला. त्याला वाईटच वाटलं असावं. "पहार आणा."

दोन-तीन दणक्यांत दार आत पडलं. मास्तर शर्टाची बटणं लावत बाहेर आले, म्हणाले, "मुलगी आतल्या खोलीत आहे, तिकडे जाऊ नका." त्यांना नेलं. पोरं गाडीपुढे झोपली, तर पोलिसांनी एकेकाला उचलून बाजूला ठेवलं. वकीलबाईंचा फोन आला तेव्हा गाडी वळणापलीकडे गेली होती. आदेश मिळाला होता, मास्तरांना राहत्या घरातून हलवू नये असा. पण ते हलले होते. संध्याकाळी कळलं, मास्तरांना घेऊन विमान गेलं.

दुसऱ्या दिवशी मी आणि दाजी नवं दार बसवायला गेलो. अवजारं उसनी. कोपऱ्यात शिलाईचं मशीन, खिळ्यावर मापाची टेप. वहिनी दाराशी जमिनीवर बसल्या होत्या, मांडीवर मुलगी. आत असताना त्यांनी सगळं ऐकलं होतं, ते "सावकाश" सुद्धा. दाजी एकच बोलले, "आमच्या छकुलीला कळू देऊ नका." त्यांनी मान हलवली.

तेवढ्यात छकुलीच आली. वर्गणी काढून वहिनींसाठी धान्य, दूध घेऊन. डोळे सुजलेले. पिशव्या ठेवल्या आणि बापापुढे उभी राहिली.

"बाबा, एकच विचारते. मी पिशवी फेकली नसती तर तुम्ही ते कुलूप उघडलं असतं ना?"

माझ्या जिभेवर आलं होतं सगळं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे.

दाजींनी तोंडातला स्क्रू काढला. "उघडलं असतं," म्हणाले.

"मग बरं झालं फेकली," छकुली म्हणाली. तिचा आवाज फाटला. वहिनींच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती जिना उतरून गेली. घरी आली नाही, मैत्रिणीकडे राहिली.

तिची पावलं खाली विरेपर्यंत मी नवं दार धरून उभा राहिलो. मग मीच फुटलो. "दाजी, कशासाठी? पोटची पोर तुम्हाला गद्दार समजते! खरं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

दाजींनी स्क्रू घट्ट केला, दार दोनदा उघडून मिटून पाहिलं. मग किल्ल्या वहिनींच्या हातावर ठेवल्या.

"तिला उद्या आणखी कुणाच्या तरी जिन्यात उभं राहायचंय," ते म्हणाले. "खरं कळलं तर पाय उचलेल का तिचा?"

वहिनींनी एक किल्ली पदराला बांधली. दुसरी मास्तरांच्या टेपेशेजारी खिळ्यावर अडकवली.