ज्योतीरामची मधली जागा

ज्योतीराम जळतो. हे मी त्याच्या पाठीमागे बोलत नाही, तोंडावर सांगून झालंय. शेजाऱ्याच्या दारात नवी गाडी आली किंवा कोणाच्या मुलाला परदेशात नोकरी लागली, तर ह्या माणसाच्या पोटात कधी दुखत नाही. उलट पेढे खाऊन, गाडीतून मलाही एक चक्कर मारून आण म्हणतो. पण त्याच्यासमोर दुसऱ्या कोणी फुटबॉलचं पुस्तक त्याच्यापेक्षा चांगलं सांगितलं, की संपलं. त्या दिवशी पेंटशॉपमध्ये कोणी त्याच्या वाटेला जायचं नाही.

चाकणच्या कारखान्यात पेंटशॉप सांभाळणारा माणूस आणि फुटबॉलची पुस्तकं ह्यांचा संबंध कळायला आमच्या कंपनीच्या बसमध्ये बसावं लागेल. बस रहाटणीतून निघते, आकुर्डी-निगडी करत तळवड्याला येते आणि तिथल्या चौकात जी अडकते ती अडकतेच. तिथून सुटली की महाळुंग्यापर्यंत ट्रेलरच्या मागे मुंगीच्या पावलांनी. पुढचे लोक झोपा काढतात नाहीतर मोबाइल बघतात. मागची लांब सीट मात्र फुटबॉलवाल्यांची. मी स्टोअरमधला शेखर. फुटबॉलशी माझं घेणं नाही न् देणं नाही, पण मला गाडी लागत नाही, म्हणून नोकरीला लागलो तेव्हाच लोकांनी मला मागे ढकललं. तेव्हापासून ज्योतीरामचा शेजार नशिबी आला.

ह्या लोकांचा एक रिवाज आहे. आपल्याला आवडलेलं फुटबॉलचं पुस्तक दुसऱ्याला सुचवायचं, पण हातात ठेवायचं नाही. तोंडी सांगायचं. आमच्या रस्त्यावर पुस्तक उघडलं तर अक्षरं नाचायला लागतात, शिवाय पुस्तकं बहुतेक इंग्रजी. म्हणून एकानं रविवारी घरी वाचायचं आणि आठवडाभर बाकीच्यांना मराठीत सांगायचं. सांगणारा मधल्या जागेवर बसतो. तिथून दोन्हीकडे आवाज पोचतो आणि पाय समोर मोकळे सोडता येतात. ही जागा कित्येक वर्षं ज्योतीरामची होती.

तो कोल्हापूरचा. तिथल्या पेठांमध्ये पोरं चालायला लागतात ती बॉलच्या मागेच, असं तो सांगतो आणि आपण मान हलवायची. शाळेत इंग्रजीत कायम काठावर पास झालेला हा गडी शब्दकोश मांडीवर घेऊन जाडजूड आत्मचरित्रं वाचायचा. कुठल्या देशातला कुठला गोलकीपर लहानपणी कोळशाच्या वखारीत काम करायचा, कुठल्या प्रशिक्षकानं बायकोच्या बाळंतपणाच्या दिवशीही सराव चुकवला नाही, सगळं त्याला पाठ. आणि सांगायचा कसा? हात, पाय, डोळे, सगळ्यांनी. पेनल्टीचा प्रसंग आला की माझा डबा बॉल व्हायचा. आमचे ड्रायव्हर मारुतराव आरशातून मागे बघायचे आणि पुढचा मोटारसायकलवाला शिव्या घालायचा.

फक्त एक होतं. ज्योतीरामनं सांगितलेलं पुस्तक कधीच कोणी विकत घेतलं नाही. घ्यायला उरायचंच काय? तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं सांगायचा, वर मागच्या पानावर छापलेलं कौतुकसुद्धा सोडायचा नाही. त्याला ह्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. ती दीपमाला येईपर्यंत.

दीपमाला क्वालिटी विभागात लागलेली नवी इंजिनिअर. मूळची लातूरकडची, आकुर्डीला कॉलेज केलेली, आणि तिथे मुलींच्या संघात गोलकीपर म्हणून खेळलेली. पहिल्याच आठवड्यात ती मागे आली आणि म्हणाली, “मी एक सांगू का?” ज्योतीरामनं मोठ्या मनानं हो म्हटलं. खिडकीजवळ अंग चोरून बसून, हात मांडीवर ठेवून, तिनं एका बायकांच्या संघाचं पुस्तक सांगितलं. त्यांच्या गावात बायकांनी खेळायला बंदी होती, म्हणून त्या धुणं वाळत घालायच्या मैदानावर, दोऱ्यांच्या खालून खेळायच्या. ह्या पुस्तकात हातवारे नव्हते, माझा डबाही सुखरूप राहिला. पण चौकात अडकल्यावर मारुतरावांनी इंजिन बंद केलं, नीट ऐकू यावं म्हणून. आणि ऐन सामन्याच्या वेळी ती थांबली.

“पुढं?” ओंकार म्हणाला. हा आमच्या बसमधला सगळ्यात तरुण ऑपरेटर, ज्योतीरामचा पट्टशिष्य.

“पुढचं पुस्तकात वाचा की, दादा. सगळं मीच सांगितलं तर त्या बाईनं लिहिलं कामून?”

ओंकारनं त्या रात्री पुस्तक मागवलं. दुसऱ्यानं त्याच्याकडून मागून घेतलं. पुढच्या महिन्यात तिनं सांगितलेलं आणखी एक पुस्तक मागच्या सीटवरून फिरायला लागलं, आणि मारुतराव, ज्यांनी देवाच्या पोथीपलीकडे काही वाचलं नव्हतं, ते मला विचारायला लागले की ते मराठीत आहे का.

ज्योतीरामच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यानं ओंकारला गाठलं. “भावा, मी इतकी पुस्तकं सांगितली, तू एक तरी घेतलंस का रं?”

“तुम्ही सगळंच सांगता, राव. मग घेऊ कशाला?” ओंकार निरागसपणे म्हणाला. निरागस माणसं फार लागेल असं बोलतात.

त्यात दीपमाला बाकी सगळ्यांना दादा म्हणायची आणि ज्योतीरामला काका. आणि मग एका सोमवारी ओंकारच म्हणाला, “मॅडम, तुम्ही मधी बसा ना. इकडं कोपऱ्यात ऐकू येत नाही.” दीपमाला नको नको म्हणत होती, पण लोकांनी तिला बसवलंच. ज्योतीराम खिडकीशी गेला. आकुर्डी ते चाकण तो बाहेर बघत होता. उतरताना मला म्हणाला, “शेखर, त्या पोरीला काय सांगता येत न्हाई. नुसती थांबती.”

“मग तूही थांब,” मी म्हणालो. मी गमतीनं बोललो होतो.

त्यानं मनावर घेतलं. पुढच्या सोमवारी तो सगळ्यांच्या आधी चढून मधल्या जागेवर बसलेला होता. “एक पुस्तक हाय,” त्यानं जाहीर केलं, “मराठीतलं. कोल्हापूरच्या फुटबॉलवरचं. हे कुणी वाचलेलं नसणार.” हे म्हणताना त्यानं दीपमालाकडे मुद्दाम बघितलं.

गोष्ट एका राखीव गोलकीपरची होती. पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघात कोंडीराम नावाचा पहिला गोलकीपर, सगळ्या गावाचा लाडका. त्याला पानवाला पानाचे पैसे मागायचा नाही, पोरं त्याच्यासारखा भांग पाडायची. आणि बाकावर हा दुसरा. रोज सराव, रोज घाम, आणि सामन्याला बाकावर. सामना संपला की कोंडीरामच्या आईला त्याचे हातमोजे घासून घासून धुवावे लागत. ह्याच्या आईला धुवायला काही नसे. तरी ती माउली एकदा पोराला बरं वाटावं म्हणून कोरे मोजेच धुऊन दोरीवर वाळत घालते, आणि पोरगा ते दोरीवरून ओढून काढतो आणि आईला नाही नाही ते बोलतो. कोंडीरामनं बॉल अडवला की ह्याला टाळ्या वाजवाव्या लागत. वाजवायचा, पण मनात म्हणायचा, सुटू दे, एकदा तरी सुटू दे हातातून.

ह्या वेळी ज्योतीरामनं हातवारे केले नाहीत. त्याचा आवाज दीपमालासारखाच खाली आला. सगळे ऐकत होते, मीसुद्धा. मला फुटबॉल कळत नाही, पण हा प्रकार कळला. आणि शंकाही आली, कारण ‘लेखकाचं नाव काय’ असं मी विचारलं तेव्हा त्यानं माझ्या पायावर पाय दिला.

शुक्रवारी गोष्ट अंतिम सामन्यापर्यंत आली. आदल्या दिवशी कोंडीरामचा हात मोडतो. सगळी पेठ राखीव गोलकीपरला शोधायला निघते. आणि ज्योतीराम थांबला. अगदी दीपमाला थांबते तिथेच.

“पुढचं पुस्तकात वाचा,” तो म्हणाला. काय तेज होतं तोंडावर! नवरदेव घोड्यावर बसल्यासारखा मधल्या जागेवर बसला होता.

नक्कल करायची तर अक्कल लागते, हे त्याला सोमवारी कळलं असावं. कारण रविवारी ओंकार आणि दोघे-तिघे पुण्याला अप्पा बळवंत चौकात जाऊन पुस्तकांची दुकानं पालथी घालून आले. पुस्तक कुठेच नव्हतं. दीपमालानं इंटरनेटवर शोधलं, कोल्हापूरच्या एका ग्रंथालयात फोन केला. तिथेही नाही. आयुष्यात पहिल्यांदा ज्योतीरामनं सांगितलेलं पुस्तक लोकांना विकत घ्यायचं होतं, आणि नेमकं तेच पुस्तक जगात नव्हतं.

“तुमची प्रत तरी द्या,” सोमवारी ओंकार म्हणाला. प्रत पाव्हण्यांकडे होती. मंगळवारी पाव्हणे गावाला गेले होते. बुधवारी तळवड्याच्या चौकात बस उभी असताना ओंकारचा संयम सुटला.

“राव, खरं सांगा. पुस्तक हाय का न्हाई? का आमाला येड्यात काढताय? सरळ शेवट सांगा आणि मोकळे व्हा.”

शेवट ज्योतीरामकडे नव्हता, हे मला शेजारून दिसत होतं. गोष्टी रचणारा माणूस असता तर त्यानं केव्हाच एक ठोकून दिला असता. मागच्या सीटवर कोणीतरी हसलं. मधल्या जागेवर बसून थापा मारल्या, असं एकदा ठरलं असतं तर तिथे त्याला पुन्हा कोणी बसू दिलं नसतं. त्याची जुनी, खरी पुस्तकंसुद्धा लोकांनी थापांतच धरली असती.

“आहे की पुस्तक,” दीपमाला म्हणाली. “मी वाचलंय. लहानपणी, लातूरला. नाव आठवत नव्हतं म्हणून बोलले नाही.”

सगळे तिच्याकडे वळले. ज्योतीरामही वळला.

“शेवट लई भारी आहे,” ती म्हणाली. आणि तिनं सांगायला घेतला. लोक राखीव गोलकीपरच्या दारात येतात. आई ते धुतलेले कोरे मोजे त्याच्या हातात देते, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तो उतरतो तेव्हा कोणी त्याचं नावही घेत नाही. शेवटच्या मिनिटाला पेनल्टी. आणि तो अडवतो. चिखलानं भरलेले मोजे घेऊन तो घरी येतो आणि आईला म्हणतो, आता धू.

मारुतरावांनी डोळे पुसले. ओंकारनं टाळी वाजवली. पोरीनं एका दमात ज्योतीरामची अब्रू वाचवली होती आणि वर त्याला सामनाही जिंकून दिला होता. दुसरा कोणी असता तर तिचे पाय धरले असते. मी ज्योतीरामकडे बघितलं. तो लालबुंद झाला होता.

“खोटं हाय,” तो म्हणाला.

मी त्याचा दंड दाबला. गप बस, मी पुटपुटलो. पण दुसऱ्या कोणी त्याच्या पुस्तकाचा शेवट सांगावा आणि लोकांनी टाळ्या वाजवाव्यात, हे त्याच्या घशाखाली उतरणारंच नव्हतं.

“असा न्हाई शेवट. तो खेळलाच न्हाई. सगळी पेठ त्याला हुडकाय लागली, पण तो गावात हुता कुठं? तो हितं चाकणला, कंपनीच्या गेटवर मुलाखतीच्या रांगेत हुबा. आदल्या दिवशीच्या एस्टीनं आलेला. म्हणला, बाकावर बसून जन्म जायचा, त्यापरास नोकरी बघू. आईनं तालमीतल्या पोरांना सांगितलं, कालच गेला म्हणून.”

पुढचा ट्रेलर हलला, तरी मारुतरावांनी गाडी पुढे घेतली नाही. “मग गोलात कोण उभं राहिलं?” त्यांनी विचारलं.

“एक बॅक हुता, गोलाच्या म्होरं बचाव करणारा. उंच म्हणून हुबा केला. जन्मात कधी हातानं बॉल धरला नव्हता त्यानं.”

“हरले असतील.”

“जिंकले,” ज्योतीराम म्हणाला. “हरले असते तर बरं झालं असतं की वो. हरले असते तर लोकांनी म्हटलं असतं, तो असता तर. जिंकले. तालमीत फोटो लावलाय, त्या बॅकच्या गळ्यात हार घातलेला. गावाकडं गेलो तर मी तालमीसमोरनं जात न्हाई, मागच्या बोळानं जातो. एवढी वर्षं झाली, अजून जळतंय हितं.” आणि त्यानं छातीवर मूठ आपटली.

आता कोणाला काही विचारायचं राहिलं नव्हतं. फक्त ओंकारला राहिलं होतं. “म्हणजे राव,” तो चाचरत म्हणाला, “ते पुस्तक...”

“पुस्तक आहे, दादा,” दीपमाला हळूच म्हणाली. “शेवट माझ्या लक्षात चुकीचा राहिला होता. एकच प्रत आहे त्याची, बाजारात नाही मिळायची. ती रोज ह्याच बसनं कामाला येते.”

मग मारुतरावांनी गिअर टाकला. दीपमालानं खिडकीतून येणारी धूळ नको म्हणून ओढणी नाकावर घेतली. ज्योतीराम मधल्या जागेवर तसाच बसून होता. महाळुंगे आलं तेव्हा तो माझ्या कानाशी वाकला. डोळे ओले होते, पण आवाजात तीच जुनी जळजळ.

“शेखर,” तो म्हणाला, “हे शेवटचं वाक्य तिला कसं सुचलं रं? मला सुचाय पायजे हुतं.”