डाव्या अंगाचं चक्कर

आधीच सांगतो – भुतंखेतं, दृष्ट, करणी या सगळ्याची मला किळस आहे. अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या अपघातानंतर समोरच्या घरच्यांनी गाडीवरून कोहळा ओवाळून आमच्या दारात फोडला, तर दोन दिवस तो आंबूस वास आणि माश्या! शेवटी मीच बादल्या ओतून ती घाण काढली आणि मनातल्या मनात सगळ्यांचा उद्धार केला. मी पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल शिकवतो. माझ्यासारख्या माणसानं इथे असलं काही लिहावं... पण लिहितोय.

आम्ही कुंभकोणमचे. तंजावूरकडची मराठी माणसं. घरात जी मराठी बोलतो ती ऐकून तुमच्याकडचे लोक हसतात. माझी बायको वैशाली नाशिकची, तीही लग्नानंतर वर्षभर हसत होती. हे मुद्दाम सांगतोय, कारण सगळा घोटाळा एका शब्दाचा आहे.

गाडी वीसेक वर्षांची, पॉवर स्टीअरिंग नसलेली. पंचाहत्तरी उलटली तरी अप्पाच ती चालवायचे. गेल्या वर्षी तिरुनीलक्कुडीच्या देवळातून परत येताना गाडी एकदम डावीकडे गेली ती थेट भाताच्या चिखलात. अप्पांना खरचटलंसुद्धा नाही. वैशाली शेजारीच बसली होती. तिनं विचारलं, "अप्पा, झालं काय एकदम?"

अप्पा म्हणाले, "चक्कर! डाव्या अंगाचं चक्कर."

वैशालीनं डॉक्टरांना इंग्रजीत तेच सांगितलं. चक्कर आली, डाव्या अंगाचं काहीतरी म्हणत होते. 'अंगाची'च्या जागी 'अंगाचं' का, हा प्रश्न तिला पडला नाही, कारण आमची मराठी तिच्या लेखी चुकीचीच. अप्पांच्या हातांना थोडी थरथर होतीच. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गाडी चालवायची नाही म्हणाले आणि मी अप्पांच्या हातातून किल्ली काढून घेतली. ते म्हणाले, "माझे हात नव्हेत रे." मी ऐकून घेतलं.

त्या गोळ्यांनी अप्पा दिवसभर मागच्या खोलीत खुर्चीवर पेंगायचे. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळायची. मी ती पुसायचो, पण तोंड फिरवून. शिसारी यायची मला. स्वतःच्या बापाची! आता लपवून काय करू?

गाडी मग मी वापरू लागलो. एका गॅरेजवाल्यानं काही न तपासता शॉक ॲब्सॉर्बर बदलले, अलाइनमेंट केली आणि 'आता लोण्यासारखी पळेल' म्हणाला. पळाली! गेल्या महिन्यात तिरुविडैमरुदूरच्या रस्त्यावर स्टीअरिंग हातात क्षणभर सैल पडलं आणि गाडी डावीकडे गेली... अगदी तशीच. डावीकडून एक सायकलवाला जात होता. थोडक्यात वाचला.

पुढच्या रविवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, मी घराबाहेर गाडीची पुढची चाकं दोन जाड फळ्यांवर चढवली आणि खाली शिरलो. स्टीअरिंगचे सांधे तपासायला दोन माणसं लागतात – एकानं आत बसून स्टीअरिंग डावीकडे-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्यानं खाली सांध्यावर हात ठेवायचा. सांधा झिजला असेल तर हाताला 'टक' जाणवते. दरवर्षी हे मुलांना शिकवतो मी. मी वैशालीला हाक मारली. "आले आले," ती आतून म्हणाली.

खाली सगळी घाणच होती. डाव्या सांध्यावरचं रबर फाटून ग्रीस बाहेर आलं होतं. काळं, वाळू मिसळलेलं, कुजकट वासाचं. त्यात एक मेलेलं झुरळ. तरी मी बोटं घातली.

तेवढ्यात स्टीअरिंग हललं. डावीकडे, उजवीकडे. "हळू," मी म्हणालो. हळू झालं. "अजून थोडं डावीकडे." चाक माझ्या कानाजवळ फळीवर करकरत वळलं. आणि बोटाखाली – टक. टक. पुन्हा टक. सांधा पार गेलेला. "बास, थांब!" थांबलं.

मी बाहेर आलो. गाडीत कुणीच नव्हतं.

वैशाली दारातून येत होती, पिठाचे हात पुसत. "अहो, किल्ली तर आत खुंटीवरच होती. स्टीअरिंग लॉक असेल ना? हलवू कसं मी?" किल्ली तिच्या हातात होती. मी दार उघडून स्टीअरिंग दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. लॉक होतं. गाडी उभी करताना चाकं मी सरळ ठेवली होती. आता ती डावीकडे वळलेली होती.

इतक्यात मागच्या खोलीतून अम्मा, म्हणजे माझी आई, ओरडली. आम्ही धावलो. अप्पा खुर्चीत बसले होते, मांडीवर, लुंगीवर, जमिनीवर सगळी कॉफी.

"पाहिलास कां ह्यांचे हात?" अम्मा म्हणाली. "कॉफीची ताटली दोन्ही हातांनी धरून इकडे फिरव, तिकडे फिरव! नको नको म्हणते, तरी ऐकेनात. मग आपणच थांबले."

त्या खोलीला एकच खिडकी, आणि ती विहिरीकडे उघडते. तिथून गाडी दिसत नाही, माझा आवाजही पोचत नाही. अप्पांनी माझ्या काळ्या बोटांकडे पाहिलं. कित्येक महिन्यांत त्यांची नजर इतकी स्वच्छ पाहिली नव्हती.

"डाव्या अंगाचं न?" ते म्हणाले.

मी हो म्हणालो.

"हात धू जा."

आमच्या घरात चाकाला 'चक्कर' म्हणतात, तमिळ 'चक्करम्'सारखं. 'अंग' म्हणजे बाजू. डाव्या बाजूचं चाक. माणूस नीट, स्पष्ट सांगत होता. वैशालीला कळलं नाही, डॉक्टरांना कळलं नाही. त्याच दिवशी मी दोघांना अर्थ सांगितला, गोळ्या बंद झाल्या, सांधा बदलला. गाडी आता नाकासमोर जाते. किल्ली मी अप्पांपुढे ठेवली, तर त्यांनी बोटानं ती परत माझ्याकडे सरकवली.

लॉक असलेलं स्टीअरिंग कसं हललं? विद्यार्थ्याला विचारतात तसं स्वतःला शंभर वेळा विचारलं. लॉक दोनदा तपासून घेतलं, ठणठणीत आहे.

पण 'चक्कर' म्हणजे काय, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. डॉक्टरांकडे वैशाली बोलत असताना मी तिच्या बाजूलाच उभा होतो. अपघाताच्या आठवडाभर आधी अप्पा मला म्हणाले होते, "चक्कर पाहा रे एकदां." मी टायरवर एक लाथ मारली आणि ठीक आहे म्हणालो. चूक चाकाची असती तर ती माझी ठरली असती, म्हणून मी गप्प बसलो... याला मात्र स्पष्टीकरण आहे, आणि मला त्याचीच किळस येते.