नात्याचा रकाना

माझी खिडकी जन्माची, तिची मृत्यूची. मधे छातीपर्यंत येणारं लाकडी पार्टिशन. तेवीस वर्षं आम्ही दोघी शेजारीशेजारी नोंदी करत बसलोय. माझ्याकडे लोक पेढा मिळाल्यासारखे हसत येतात आणि बाळाच्या नावावरून माझ्याशीच भांडून जातात. तिच्याकडे येतात ते गपगार उभे राहतात. कोणी हुंदका दिला तरी ही बाई मान वर करायची नाही. "थांबा जरा," एवढंच म्हणायची आणि सुवाच्य अक्षरात तारीख, वेळ, कारण लिहीत राहायची. ऑफिसात सगळे तिला मागून कुलूप म्हणायचे. मी तोंडावर म्हणायचे.

मी पडले रडूबाई. माझ्या डोळ्यांना नळ बसवलाय, असं ती म्हणायची. मग मीही सोडायचे नाही. म्हणायचे, अगं, आत साठवून त्याचं काय लोणचं घालणार आहेस? माणसानं एकदा भडाभडा बोलावं, रडावं, मोकळं व्हावं. ती फक्त चष्मा पुसायची.

तिचा नवरा गेला सोमवारी. हार्ट अटॅक, घरातच. आणि शुक्रवारी सकाळी बाई खिडकीत हजर. आदल्याच दिवशी तिच्या मुलीचा मला फोन आला होता. कॉलेजात जाते, मला मावशी म्हणते. म्हणाली, आई जेवत नाही, झोपत नाही, डोळ्यातून टिपूस काढत नाही, भिंतीकडे बघत बसते. तिचंही काहीतरी बरंवाईट होईल अशी भीती वाटते. माझं सगळं लक्ष आईवर. पोर स्वतः बातम्या वाचल्यासारखी कोरडी बोलत होती, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

आमच्या कामात एक गोष्ट आहे. बेवारस मृतदेहाचा कागद हॉस्पिटलातून आला की 'खबर देणाऱ्याचं नाव' आणि 'मृताशी नातं' हे रकाने कोरे सोडता येत नाहीत. तिथे ती पहिल्यापासून स्वतःचं नाव घालायची आणि नात्यात लिहायची, 'कोणी नाही'. रोज खिडकी उघडायच्या आधी ती हे काम उरकून घ्यायची. भरलेल्या पानावर शेजारच्या टेबलाने सही करायची, म्हणजे मी.

शुक्रवारी तिने पान माझ्यापुढे सरकवलं. शेवटची नोंद तिच्या नवऱ्याची होती, तिनेच केलेली. खबर देणारी म्हणून तिचं नाव. नातं: कोणी नाही.

मला वाटलं, तेवीस वर्षांचा सवयीचा हात, दुसरं काय. पण नोंद संध्याकाळी पक्की झाली की दुरुस्तीसाठी कोर्टाचे खेटे. अख्खा संसार केलेला माणूस सरकारदरबारी बेवारस राहणार, हे मला सहन होईना. मी मुलीला फोन करून लग्नाचा दाखला घेऊन ये म्हटलं आणि साहेब आल्याबरोबर हिला दंडाला धरून त्यांच्या खोलीत नेलं.

साहेब वयाने लहान, पण नियमाला पक्के. दुरुस्तीसाठी तोंडी जबाब लागतो म्हणाले. कागद पुढे ओढून त्यांनी विचारलं, मयत व्यक्ती आपली कोण? ती चष्मा पुसत राहिली. त्यांनी पुन्हा विचारलं.

"चूक नाहीये साहेब," ती खिडकीतल्याच आवाजात म्हणाली. "मी विचार करून लिहिलंय."



"सोमवारी त्यांनी आतून हाक मारली. मी इस्त्री करत होते. म्हटलं, थांबा जरा. त्यांनी परत हाक मारली. मी म्हटलं, थांबा म्हटलं ना. आणि ते थांबले. तिसरी हाक मारलीच नाही. एक शर्ट राहिला होता, तो केला मी. घडी घातली. मग आत गेले. ज्याच्यासाठी मी जागची उठले नाही, त्याची मी कोण लागते?"

आणि मग ती ओरडली. रडली नाही, ओरडली, आणि तेही साहेबांवर नाही, नवऱ्यावर. जन्मभर नुसतं बरं बरं करत राहिलात. एकदा तरी माझ्यावर खेकसायचं होतं. ताट आपटायचं होतं. मरतानासुद्धा शहाण्यासारखं थांबलात. टेबलावर हात आपटत ती बोलत होती आणि बाहेरची अख्खी रांग चिडीचूप झाली होती. असा आवाज तिच्यात होता, हे मला ठाऊक नव्हतं. आणि मी, रडूबाई, तिथे नुसती खांबासारखी उभी. तिला मोकळं हो, मोकळं हो म्हणून टोचत आले इतकी वर्षं, आणि आता झाली तर मला भीती वाटत होती. हळूहळू तिचा आवाज फाटला आणि ती खुर्चीत कोसळून रडायला लागली.

तेव्हा मला दार दिसलं. दारात मुलगी उभी होती, हातात दाखल्याची पिशवी. कधी आली, किती ऐकलं, देव जाणे. पोरीचा चेहरा पांढराफटक. आता ही आईला काय बोलेल, बापाला मारलंस म्हणेल, या धास्तीने मी पुढे झाले. आईनेही तिला पाहिलं आणि तोंडावर हात धरला.

"मलाही ऐकू आली होती," मुलगी म्हणाली. "दोन्ही वेळा. मी अंथरुणात जागी होते. मला वाटलं, आई आहे ना."

म्हणजे एका घरात दोघी, एकाच भिंतीकडे बघत, पाच दिवस. आणि एकीने दुसरीला काही म्हणजे काही सांगितलं नव्हतं. मी आईला वाचवायला धावले होते, आणि बुडत दोघी होत्या.

आई उठली. धडपडत दारापर्यंत गेली, पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"रड," ती म्हणाली. "माझ्यासारखी बसू नकोस. शिव्या घाल मला, पण रड."

मग आईच्या खांद्यात तोंड खुपसून पोरीने जो काही टाहो फोडला, तो बाहेर रस्त्यापर्यंत गेला असेल. साहेबांनी उठून खिडकी लावायला हात पुढे केला. मी त्यांना नको म्हटलं.