वाक्यात उपयोग करा

“लिही,” सर म्हणाले. “माय फादर नोज व्हॉट टु डू विथ अ डेड हॉर्स.”

माझ्या हातात खडू होता. मी लिहिलं. फळ्यावर, इंग्रजीत, सगळ्या वर्गासमोर. मेलेल्या घोड्याचं काय करायचं ते माझ्या बापाला ठाऊक आहे.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग सरांनीच मराठीत अर्थ सांगितला आणि वर जोडलं, “घोडा काय नि बैल काय.” तेव्हा वर्ग हसला. आधी पुढचे बाक, मग मागचे. सर स्वतः हसले नाहीत. फळ्याजवळ आले, ओळ वाचली आणि म्हणाले, “स्पेलिंग बरोबर आहे. बस खाली.”

स्पेलिंग बरोबर आहे म्हटल्यावर मला बरं वाटलं. खरंच वाटलं. वर्गाचं हसणं मी कधीच पचवून टाकलं. ते बरं वाटणं मात्र अजून झोंबतं.

मी तेव्हा अकरावीत होते. मॅट्रिकचं वर्ष. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती, भाषणांत नव्या राज्याचं नाव असायचं. हायस्कूल बाजाराच्या गावात. आमच्या गावाहून पायी तासाभराची वाट. वर्गात मुली दोघीच. मी आणि शमीम. शमीम तिथल्याच एका रंगाऱ्याची मुलगी. आम्हाला एका बाकावर बसवलं होतं. तिच्या शेजारी मला बसवली की माझा विटाळ कुणाला व्हायचा नाही, असा शाळेचा विचार. आमच्या तो पथ्यावरच पडला.

इंग्रजीचे सर आमच्याच गावचे. पाटलांचे धाकटे भाऊ. रोज सायकलवर जायचे. मागून घंटी वाजली की मी वाट सोडून काट्यात उभी राहायची. शिकवायचे मात्र छान, खोटं कशाला बोलू? दर शनिवारी सकाळी वाक्प्रचार. त्या वर्षी सगळे जनावरांचे. इंग्रज माणूस जनावरांवर फार माया करतो, असं ते म्हणायचे. पद्धत ठरलेली होती. एकानं उठायचं, अर्थ सांगायचा, मग वाक्यात उपयोग करायचा. वाक्य स्वतःच्या आयुष्यातलं हवं, ही सरांची अट.

या वाक्प्रचारांचीही वाटणी होती. ‘लायन्स शेअर’, म्हणजे सिंहाचा वाटा, तो सरांच्या पुतण्याला. ‘डार्क हॉर्स’, म्हणजे ज्याच्याकडून कुणाची अपेक्षा नसते आणि जो ऐनवेळी बाजी मारतो, तो वाण्याच्या मुलाला. ‘टु टेक द बुल बाय द हॉर्न्स’, संकटाला थेट भिडणं, तो मॉनिटरला. आणि मला? ‘ब्लॅक शीप’, घराण्याला काळिमा लावणारा. ‘अ डॉग्ज लाइफ’, हालाचं जिणं. ‘टु फ्लॉग अ डेड हॉर्स’, संपलेल्या गोष्टीवर उगाच ताकद घालवणं. सिंह पुढच्या बाकांवर राहिले. कुत्री आणि मढी माझ्याकडे आली. फळ्यावर जनावराचं नाव पडलं की माना माझ्याकडे वळायच्या. शमीमची तेवढी वळायची नाही. ती वहीवर बोट फिरवत बसायची.

आणि तरी मला ते वाक्प्रचार आवडायचे. घरी येताना वाटेनं मोठ्यानं म्हणायची. बांधावरच्या बाया विचारायच्या, “काय व, काय बरळून राह्यली?” मी आणखी मोठ्यानं म्हणायची. मॅट्रिक व्हायचं, नोकरी धरायची, मायला आणि बाला त्या गावातून उचलायचं. तेवढं एकच डोक्यात होतं.

आमच्या वस्तीला लोक अजून महारवाडाच म्हणायचे. आम्ही दीक्षा घेऊन बौद्ध झालो होतो, पण गावाच्या जिभेला ते वळण पडलं नव्हतं. दीक्षेआधी गावात ढोर मेलं की हाक यायची. बा दोर घेऊन जायचा. ऊन असो, सण असो, ताप असो. जायचंच. ओढत रानात न्यायचं, सोलायचं. कातडं न्यायला मलकापूरचा व्यापारी यायचा. लहानपणी बाच्या अंगाचा वास मला यायचा आणि मी माझी गोधडी दूर ओढायची. दीक्षा घेतली आणि साऱ्या वस्तीनं ते काम सोडलं. गावानं ते गिळलं, पचवलं नाही. लहानसहान जनावरं लोक आपापल्या शेतात पुरायला लागले. मोठं कुणाचं मरतं आणि मग काय होतं, याची दोन्हीकडून वाट बघणं चालू होतं.

दोर मात्र घरात राहिला. खुंटीवर. बा त्यानं पऱ्हाट्यांचे, कपाशीच्या वाळक्या काड्यांचे, भारे बांधायचा. चांगला दोर कशाला फेकायचा, म्हणायचा.

त्या हिवाळ्यात पाटलांचा थोरला बैल मेला. गोठ्यातच. गुरुवारी सकाळी. त्यांचा सालदार हाक मारायला आला, तो अंगणाबाहेरच थांबला.

“पाटलानं बोलावलं.”

“पाटलाले सांगजो, आमी ते काम सोडलं,” बा म्हणाला.

“मी सांगतो. पण हे बरं नाही होऊन राह्यलं.”

तो गेला. दुसरं कुणी आलं नाही. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी माय दळण घेऊन गेली, चक्कीवाला म्हणाला, “आज नाही.” मिठाला गेली, दुकानदार म्हणाला, “आज नाही.” तेवढाच शब्द. मी शाळेतून येताना पारावरची माणसं बोलायची थांबली, मी पुढे गेल्यावरही बोलली नाहीत. पाटलांच्या गोठ्यामागच्या लिंबावर गिधाडं येऊन बसली होती. वारा आमच्या वस्तीकडे होता. वास आत यायला लागला. कुत्री पाटलांच्या कुडाभोवती फिरत होती आणि त्यांनाही कुणी हाकलत नव्हतं.

शुक्रवारी दिवस कलताना आमच्या दारात सायकलची घंटी वाजली. आमच्या दारात! सर उतरले. सायकल कुडाला टेकवली. बा उठून उभा राहिला, मी चुलीपाशी. सर वर्गात शुद्ध बोलायचे. इथं गावासारखं बोलले, आणि किती मऊ बोलले.

“पोरगी हुशार हाये तुही.”

बानं घोंगडी पुढे केली. सर बसले नाहीत.

“सोमवारी मॅट्रिकचे फारम भरनं हाये. कोनाचं नाव द्यायचं ते माह्यावर हाये. मी तं काहीच म्हणून नाही राह्यलो. बैल तिकडं पडला हाये, पोरीचं नाव इकडं. तुह्या मनावर हाये सारं.”

माझ्याकडे बघून हसले. पहिल्यांदाच हसलेले बघितले मी त्यांना. ‘अ वुल्फ इन शीप्स क्लोदिंग’. गरीब मेंढराचं सोंग घेतलेला लांडगा. मवाळ बोलून घात करणारा माणूस. अर्थ मला तोंडपाठ होता. त्यांनीच शिकवला होता, त्याच आवाजात. पाठ केलेला शब्द असा दारात येऊन उभा राहील असं मला वाटलं नव्हतं.

सायकल गेली. माय म्हणाली, “काय करता?” बा बसून राहिला. दिवे लागले तेव्हा उठला आणि खुंटीवरचा दोर काढला.

“बा, कुठं चालले?”

“एक बैल हाये बाई. एक बैल ओढला आन् तू मॅट्रिक झाली, त काय बिघडते? कोनाले दिसनार बी नाही अंधारात.”

“मले नाही पाहिजे अशी मॅट्रिक.”

“तुले काय समजते! दहा कोस चालून तुही पुस्तकं आनली म्या. तुह्यासाठी चाललो मी. माह्यासाठी नाही.”

त्याचा आवाज फाटला. बाला रडताना मी बघितलं नव्हतं, तेव्हाही रडला नाही. दोर घेऊन दाराकडे वळला. मी दोराचं दुसरं टोक धरलं. माझा बाप आणि मी, मधे तो दोर. त्याला जुना वास होता अजून. मी लहान असताना ज्या वासापासून गोधडी ओढून घ्यायची, तोच. मला एकदम कळलं की हा बैल उचलला की काम संपणार नाही. पुढचा बैल पडेल तेव्हा आणखी काहीतरी माझं पणाला लागलेलं असेल. मी शिकेन तितकं बाच्या गळ्यातलं हे घट्ट होत जाईल. माझ्याच शिकण्यानं गाव त्याला ओढील.

“माह्यासाठी चालले ना? मंग माह्यासाठीच थांबा.”

मी विळा घेतला. दोर जाड होता, एका घावात तुटत नव्हता. मी दोरावर पाय देऊन करवतल्यासारखा कापत राहिले. माय दारात उभी राहून बाहेर बघत होती, कुणी येतं का ते. तुकडे पडले. बा खाली बसला. तुकडे गोळा करत म्हणाला, “आता पऱ्हाट्या कायनं बांधू?”

मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं.

शनिवारी सकाळी मी शाळेत गेले. माय नको म्हणत होती. पारावर माणसं होती, नेहमीपेक्षा जास्त. त्यांच्यातल्या एकानं मला ऐकू येईल असं म्हटलं, “जाऊ दे. येईन ना पोरगी परत याच रस्त्यानं.”

सर वर्गात आले. फळ्यावर लिहिलं, ‘टु फ्लॉग अ डेड हॉर्स’. “आज उजळणी,” म्हणाले. मला उठवलं. अर्थ विचारला. मी सांगितला. संपलेल्या गोष्टीवर उगाच ताकद घालवणं.

“वाक्यात उपयोग कर. मागचंच वाक्य लिही.”

मी फळ्याजवळ गेले. खडू घेतला. ‘माय फादर’ एवढं लिहिलं. मागून खुसखुस सुरू झाली होती, त्यांना पुढचं माहीत होतं. मी पुढे लिहिलं, ‘विल नॉट कम’. माझा बाप येणार नाही. पूर्णविराम दिला आणि वळले.

खुसखुस थांबली.

“यात वाक्प्रचार कुठे आहे?” सर म्हणाले.

“नाही सर.”

“मग हे काय आहे?”

“वाक्य आहे सर. माझ्या आयुष्यातलं.”

सरांनी डस्टर घेतलं. एरवी मॉनिटर पुसायचा, त्या दिवशी त्यांनी स्वतः पुसलं. सावकाश. वाक्प्रचारही पुसला. फळा कोरा झाला तरी पुसत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “सोमवारी यायचं कारण नाही. खाली बसायचंही कारण नाही.”

मी पिशवी घ्यायला बाकाशी गेले. वर्गात कुणी हालत नव्हतं. शमीमनं पिशवी उचलून माझ्या हातात दिली आणि ओठातल्या ओठात म्हणाली, “स्पेलिंग बराबर है.”

मी बाहेर पडले. परतीचा रस्ता तोच होता, दुसरा नव्हताच. मी त्याच रस्त्यानं गेले. पार रिकामा होता, कारण सगळे पाटलांच्या गोठ्याकडे जमले होते. बैल फुगून फुटायला आला होता. शेवटी सालदारांनी नाकाला फडकी बांधली, साखळदंड घातला आणि त्याला गाडीमागे ओढत नेला. संध्याकाळी सर आले तेव्हा गोठ्याची फरशी धुणं चालू होतं, त्यांनाही हात लावावा लागला म्हणे. मी बघितलं नाही. मला त्यात रसही उरला नव्हता.

दिवस बुडाला आणि आमच्या छपरावर पहिला दगड पडला. मग दुसरा. कवेलू फुटलं. माय पिठाच्या रिकाम्या डब्याजवळ बसली होती. बानं दाराची कडी लावली, कडीवर भरवसा नव्हता म्हणून दोराचे तुकडे गाठी मारून जोडले आणि दार खांबाला बांधलं. बाहेर कुणी शिव्या देत नव्हतं. माणसं उभी आहेत एवढंच कळत होतं. बानं सांगितलं, “सोमवारपासून पाटलाच्या वावरात काम नाही.” जसं काही आज भाजी नाही असं सांगावं, तसं.

मला भीती वाटत होती. फार वाटत होती. मी इंग्रजीची वही काढली आणि मोठ्यानं वाचायला लागले. लांडग्याचा, सिंहाचा, कुत्र्याचा, मेलेल्या घोड्याचा. सगळे. आता वाटणी नव्हती. बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. दगड पडला की मी थांबायची आणि तीच ओळ पुन्हा म्हणायची. बा म्हणाला, “हळू वाच व बाई.” मी हळू वाचलं नाही. मग त्यानंच दिवा माझ्याकडे सरकवला.

शाळेतून नाही तर बाहेरून, पण परीक्षेला मी बसणार होते. बुलढाण्याला कुणाच्या ओसरीत राहीन, भांडी घाशीन, दोन वर्षं लागोत की चार. घर राहील की जळेल, ते मला माहीत नव्हतं. पण त्या फळ्यावर काय लिहायचं ते यापुढे कुणी मला सांगणार नाही. माझ्या बापाचं वाक्य मी लिहीन. मीच.