फिलूमावशीचा दहावा दिवस

फिलूमावशीला काही हवंसं वाटलं की ती आधी ते नऊ दिवस देवाकडे मागायची, आणि दहाव्या दिवशी सकाळी स्वतःलाच विचारायची, "काय गो फिलोमिना, आजून पायजे?" तिच्या घरातल्या कोनाड्यात मरियम माउलीची मूर्ती होती. मूर्तीच्या पायाशी एक वाटी आणि वाटीत नऊ चिंचोके. रोजची प्रार्थना झाली की एक चिंचोका बाहेर काढायचा. नऊ दिवसांच्या या मागण्याला त्यांच्या ख्रिस्ती लोकांत नोव्हेना म्हणतात, आणि बाकीची माणसं ती हवं ते मिळावं म्हणून करतात. फिलूमावशीचं गणित उलटं. हवं ते खरंच हवं आहे का, हे बघायला ती बसायची. मोठा फ्रिज असाच गेला, मोत्यांचे कानातले असेच गेले, आणि पलीकडच्या आळीतल्या एका बाईला चारचौघांत सुनवायची इच्छा तर सातव्या चिंचोक्यालाच गळून पडली. "त्याचं मातर मना जरा वाईट वाटलं," असं ती नंतर म्हणालेली.

मी शहरातल्या खोपट भागातली. आमचं मूळ कोकणातलं, आणि आमच्यात दहावा दिवस म्हटलं की एकच गोष्ट आठवते. त्यामुळे पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी दचकलेच. म्हटलं, "मावशी, काहीतरीच काय! आमच्यात दहावा मेलेल्या माणसाचा घालतात हो." ती पोट धरून हसली. "मग बरोबरच हाय की गो! मेली ना हौस? घाल तिचा दहावा!"

लग्न झाल्यावर आम्ही तिच्या घरातली मागची खोली भाड्याने घेतली होती. कोलशेतच्या बाजूला अजून गावठाणं शिल्लक होती. बैठी घरं, दारात चिंच, अंगणात वाळत घातलेले बोंबील. नवरा तिथल्याच एका कारखान्यात होता आणि मी खोपटच्या एसटी डेपोत रिझर्व्हेशनच्या खिडकीवर. दिवसभर जो येईल त्याला खिडकीजवळचीच सीट हवी असायची. बस काय नुसत्या खिडक्यांची बनवणार आहेत? ओरडून ओरडून माझा आवाज चढलेला तो घरी येऊनही उतरायचा नाही. एकदा मी नवऱ्याला कशावरून तरी झापत असताना मावशी दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता खोली खाली करायला सांगते. ती शांतपणे म्हणाली, "बाय, आवाज चांगला हाय तुझा. पन सूर लय वर लावतंस." आणि गेली. नवरा त्यानंतर कितीतरी दिवस मला "सूर, सूर" म्हणून चिडवत होता.

सुरातलं तिला कळायचं. मे महिन्यात संध्याकाळी सगळं गावठाण आळीच्या तोंडावरच्या क्रुसापाशी, मावशीच्या भाषेत खुरसाकडे, जमायचं. क्रुसाला झेंडूच्या माळा घालायच्या, मेणबत्त्या लावायच्या, माळेची प्रार्थना करायची आणि मग लदीन. लदीन म्हणजे मरियम माउलीची जुनी लॅटिन गाणी. पोर्तुगीज गेले, पण ही गाणी राहिली. एकीने ओळ उचलायची आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. शेवटी सगळ्यांच्या ओंजळीत उकडलेले चणे. ओळ उचलायचा मान फिलूमावशीचा. घरी मॅक्सीत वावरणारी ही बाई त्या दिवसांत लाल चौकड्यांचं लुगडं नेसायची, डोळे मिटायची आणि ओळ उचलायची. काय सांगू तुम्हाला! मला त्यातला एक शब्द कळत नसे, पण मी जागची हलायचे नाही. रस्त्यावरचे रिक्षावाले रिक्षा बंद करून ऐकत.

तिला मूलबाळ नव्हतं. नवरा लवकर गेलेला. आवाज हेच तिचं काय ते होतं, आणि ते तिलाही ठाऊक होतं. तिची जाऊ हिल्डा शेजारच्या घरात राहायची. हिल्डालाही ओळ उचलायची फार हौस, पण मावशी तिला कधी संधी द्यायची नाही. एकदा मावशीला ताप आला म्हणून हिल्डाने लदीन उचललं, तर ही गोधडी गुंडाळून अंथरुणातून क्रुसापाशी हजर! "हिल्डाचा सूर म्हंजे मांजर दिसलेली कोंबडी," असं ती मला पुढे कितीदा तरी म्हणाली. बाकी सगळ्या इच्छा चिंचोक्यांवर मोजणारी बाई या एका बाबतीत देवालासुद्धा विचारत नसे.

पण उगाच वैराग्याचा आव तिने कधी आणला नाही. मला डोंबिवलीत स्वतःचा फ्लॅट हवा होता, तेव्हा तिने मलाही नऊ दिवस मागायला लावलं. दहाव्या दिवशी मी म्हटलं, "मावशी, अजून पाहिजे. कालच्यापेक्षा जास्त पाहिजे." मला वाटलं, आता उपदेश ऐकावा लागणार. "मग घे की!" ती म्हणाली. "देवबापाने दिलेलं नको म्हननारी मी कोन? फकस्त पोट भरल्यावर हात धुवावा मानसाने. नायतर ताटावरनं उठायचंच रायतं." फ्लॅट घेतला. मग पडदे आले, मग सोफा आला, मग शेजारणीसारखं स्वयंपाकघर हवंसं झालं. हात धुवायचा माझा राहिला तो राहिलाच. पण मे महिना आला की मी डोंबिवलीहून निघायचे आणि माजिवड्याच्या नाक्यावरून रिक्षा करून तिच्याकडे जायचे.

एका वर्षी थंडीत तिच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. गाठ काढावीच लागेल, पण आवाजाची नस अगदी चिकटून जाते, आवाजाचं सांगता येत नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं. मावशी ऑपरेशनला तयारच होईना. शेवटी हिल्डाने दम दिला, "मेलीस तर काय मढ्याने गानार हाईस?" तेव्हा कुठे ती उठली. गाठ गेली, जीव वाचला आणि आवाजही गेला. उरली नुसती कुजबुज, चार शब्द बोलली की धाप लागायची. येईल कदाचित परत, डॉक्टर म्हणाले, वाट बघा.

मे महिना उजाडला. पहिल्या संध्याकाळी मी गेलेले. मावशी लाल लुगडं नेसून आपल्या जागेवर उभी राहिली. माळेची प्रार्थना झाली आणि सगळ्या गप्प. ओळ कोणीच उचलेना. गावठाणातल्या बायकांनी तिच्या माघारी आपसांत ठरवलं होतं की फिलूचा आवाज येईपर्यंत लदीन गायचंच नाही, तिची जागा तशीच ठेवायची. बिचाऱ्यांना वाटलं, आपण तिचा मान राखतोय. हिल्डासुद्धा मान खाली घालून उभी होती. ती शांतता मला सहन होईना, मग मावशीचं काय झालं असेल? चणे वाटले गेले. मावशीने ओंजळ पुढे केली नाही.

घरी आल्यावर ती जेवली नाही. कोनाड्यापुढे बसली आणि वाटीत चिंचोके टाकले. "काय मागताय?" मी विचारलं, खरं तर विचारायची गरज नव्हती. "आवाज," ती कुजबुजली. "दुसरं काय मागनार?" मी दुसऱ्या दिवशी डेपोत रजा टाकली आणि तिच्याकडेच राहिले.

सुरुवातीचे दिवस ती देवाशी भांडत होती. मोठ्याने भांडता येत नव्हतं म्हणून हातवारे करून भांडायची. मूर्तीकडे बोट, मग स्वतःच्या गळ्याकडे बोट. मध्ये एका दिवशी तर मूर्तीकडे पाठ करून बसली. मी घाबरून म्हटलं, "मावशी, देवाशी असं वागतात का?" तर म्हणे, "आईशी पोर रुसतं का नाय?" संध्याकाळी क्रुसापाशी तीच शांतता. नंतर नंतर ती कोनाड्यापुढे जास्त वेळ बसायला लागली, ओठ न हलवता. एकदा तशी बसलेली असताना स्वतःशीच हसली. मी मात्र आमच्या गणपतीलाही मध्ये घातलं होतं. मला चमत्कार हवा होता, साफ सांगते. दहाव्या दिवशी सकाळी तिने मला खणखणीत हाक मारावी, "शुभा, चाय ठेव गो!", एवढंच मला हवं होतं.

दहाव्या दिवशी सकाळी चहा मीच ठेवला. तिने हाक मारली नाही. वाटी रिकामी होती. कप तिच्या हातात दिला आणि भीत भीत मीच विचारलं, "काय मावशी, आजून पायजे?"

"पायजे तर," ती कुजबुजली. "खोटं कशाला बोलू? पन कांदा सोलतात ना गो, तसा मी तो आवाज सोलत गेली. पयलं निघालं, मना गायला पायजे. त्याच्या खाली निघालं, लोकांनी ऐकायला पायजे. त्याच्या खाली निघालं, हिल्डाने नाय गायला पायजे." इथे तिला हसू आलं आणि हसण्याने खोकला. मी पाठ चोळली.

"आणि त्याच्या खाली?"

"त्याच्या खाली नुस्ता देवबापा. ल्हानपनी मना त्याच्याजवल बसायचं व्हतं, म्हनून गायला लागली. मग गानंच मोटं झालं नि तो रायला मागं. काल शेवटचा चिंचोका काढला नि बसून रायली. काय मागितलंच नाय. येवढं बरं मना गाताना पन कवा वाटलं नव्हतं, बाय." तिने चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "चल, हिल्डाकडे जाऊ."

हिल्डा ओट्यावर बोंबील साफ करत बसली होती. मावशी तिच्यासमोर टेकली. "संध्याकाली लदीन तू उचल."

हिल्डाच्या हातातला बोंबील हातातच राहिला. "मी नाय. लोक बोलतील, फिलूचा आवाज गेला नि ही टपलेलीच व्हती."

"टपलेली तर तू व्हतीसच की गो," मावशी म्हणाली. हिल्डा रडायलाच लागली. मावशीने तिच्या बोंबलाच्या हातांसकट तिचे हात धरले. "माझी गाठ डॉक्टरने काढली. तुमच्या सगल्यांच्या गल्यात कुठनं आयली? माउलीला इतके दिस मुकं ठेवलंत माझ्यापायी. आज गायलं नाय कोनी, तर मी येनार नाय खुरसाकडे."

संध्याकाळी हिल्डाने ओळ उचलली. सूर चढाच लावला, नेहमीसारखा. बायकांनी उत्तर दिलं, आधी बिचकत, मग मोकळ्या गळ्याने. मी सगळा वेळ मावशीकडे बघत होते. तिने डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते, आवाज नव्हता. गात असताना तिच्या चेहऱ्यावर नेहमी थोडा ताण असायचा, पुढची ओळ नीट लागेल ना असा. त्या संध्याकाळी तो नव्हता. उन्हातून आलेलं माणूस माठातलं पाणी पिऊन बसतं, तशी ती दिसत होती. मग चणे तिनेच वाटले. माझ्या ओंजळीत घालताना मी मुद्दाम विचारलं, "काय मावशी, कोंबडी?" ती माझ्या कानाशी आली. "माउलीला चालतंय ना? मग मना काय!"

आवाज शेवटपर्यंत परत आला नाही. त्यानंतर ती काही वर्षं जगली आणि दर मे महिन्यात हिल्डाच्या शेजारी उभी राहिली. एरवीही संध्याकाळी क्रुसाच्या पायरीवर एकटी बसलेली असायची. "काय करताय?" विचारलं तर "बसलंय" म्हणायची. तेवढंच. चिंचोके तिने पुन्हा वापरले नाहीत. मला तिचा हेवा वाटायचा. माझ्याकडे काय नव्हतं? फ्लॅट होता, सोफा होता, शेवटी शेजारणीसारखं स्वयंपाकघरही झालं. पण असं नुसतं बसता मला कधी आलं नाही, आणि तसं बसता यावं असं फार वाटतं, अजूनही.

ती झोपेतच गेली. फादरांनी प्रार्थना म्हटली आणि माती देताना हिल्डाने लदीन उचललं. तिचा सूर त्या दिवशी वर गेला नाही. गेला असता तर बरं झालं असतं, निदान मावशी कुठेतरी हसली असती.

आता मे महिन्यात मी आमच्या देवघरात गणपतीपुढे वाटी ठेवते. चिंच कोळताना चिंचोके धुऊन ठेवलेले असतात, ते घालते. सून विचारते, "आई, काय मागताय एवढं?" काय सांगू तिला? एकदा, फक्त एकदा, मावशीने मला हाक मारावी. तो जुना आवाज नको, ती कुजबुजसुद्धा चालेल. रोज एक चिंचोका काढते. दहाव्या दिवशी वाटी रिकामी होते आणि मी मनाशी विचारते, काय गं शुभा, अजून पाहिजे? पाहिजे. खोटं कशाला बोलू? मग त्याच्या खाली काय आहे ते शोधत मी थोडा वेळ तिथेच बसून राहते. यंदा जरा जास्तच बसले. उठले तेव्हा गॅसवर ठेवलेलं चहाचं पाणी आटून गेलेलं.